धुराची उधारी

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागले, की हल्ली थोड्याथोड्या अंतरावर एक पाटी भेटते. ‘चुलीवरची मिसळ’, ‘चुलीवरचे मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. मध्यंतरी ‘चुलीवरचा चहा’ही वाचला. पाटीखाली मोटारी उभ्या असतात, आणि मोटारींतून उतरलेली सुखवस्तू माणसे बाजेवर मांडी घालून चुलीच्या धुराकडे कौतुकाने पाहत असतात. ज्या चुलीपासून सुटका व्हावी म्हणून आमच्या आधीच्या पिढीने गॅसच्या नंबरासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि सिलिंडर घरी आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिले, त्याच चुलीसमोर आज आम्ही पैसे मोजून बसतो. काळाचे चक्र फिरते म्हणतात ते खरे. पण फिरता फिरता ते कोणाच्या बोटांवरून गेले, हे सहसा कोणी पाहत नाही.

शहरात हीच चूल वेष पालटून येते. तेथे तिला विटांचा घुमट असतो, तिच्यापुढे पांढरी टोपी घातलेला तरुण उभा असतो आणि तिचे नाव असते ‘वुड-फायर्ड’. लाकडावर भाजलेले, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या माहेरी लाकडावर भाजलेले नाही असे काहीच नव्हते. पण ते कोणी पाटीवर लिहिले नव्हते.

आमच्या उपनगरात, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वाटेवर, असेच एक इटालियन उपाहारगृह आहे. शनिवारी-रविवारी संध्याकाळी त्याच्या दारात खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि नाव नोंदवून माणसे तासतासभर तिष्ठत बसतात. लग्नघरच्या पहिल्या पंगतीसाठी बसावे तशी. आत शिरताच समोर भट्टी दिसते. तिच्या तोंडाशी केशरी उजेड हलत असतो. कडेला बाभळीची की आंब्याची, सारख्या मापाने तोडलेली लाकडे देव्हाऱ्यातल्या समयांसारखी नीट रचून ठेवलेली असतात. मुलांना ती जागा फार आवडते, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडते. मी शाळेत चित्रकला शिकवते. दहावी झाल्यावर कॉलेजात न जाता चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि त्याच विषयावर आजवर पोट भरले. कादंबऱ्या लिहिल्या त्या नंतरच्या. त्यामुळे लांब दांड्याच्या फळीवरून तो पांढरा गोल आत सरकतो, मिनिटभरात फुगतो, कडेवर काळे ठिपके उमटतात आणि मध्ये टोमॅटोचा तांबडा, चीजचा पांढरा व तुळशीच्या जातीतल्या त्या पानाचा हिरवा रंग घेऊन बाहेर येतो, हे पाहताना माझे पोट भरण्याआधी डोळे भरतात.

मागच्या हिवाळ्यात आई माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून औषधपाण्यासाठी माझ्याकडे राहायला आली होती. धाकटीचा वाढदिवस होता. तिने हट्ट धरला, “आजीला चुलीवरचा पिझ्झा दाखवायचा!” आम्ही सगळी गेलो. आमच्या यजमानांनी भट्टीजवळचे टेबल मिळवले. आईने पदर सावरून भट्टीकडे बराच वेळ पाहिले. तो तरुण पिठाचा गोळा हातानेच थापून पसरीत होता. लाटणे जवळपास कोठे नव्हते. आई म्हणाली, “ह्यो तर भाकरी थापतोय की गं!” नात खुदकन हसली. पण आईचे बघणे संपले नव्हते. तिने मला एकामागून एक तीन गोष्टी विचारल्या.

“ह्यांच्याकडं गॅस न्हाई व्हय?”

“आहे की. आत स्वयंपाकघरात आहे.”

“मग लाकडं कशापायी जाळत्यात?” आणि मी काही बोलण्यापूर्वीच, “त्या पोराच्या डोळ्यांत धूर जात न्हाई का?”

मी तिला वरचे धुराडे दाखवले. धूर सगळा त्यातून वर जातो, म्हटले.

आईने मान वर केली, छतापर्यंत नजर नेली आणि विचारले, “वर म्हंजे कुठं?”

पुढे पिझ्झा आला, तिने आवडीने दोन तुकडे खाल्ले, ‘बरं लागतंय’ म्हणाली आणि विषय संपला. तिच्यापुरता संपला. माझ्या मनात मात्र ते तीन प्रश्न राहिले. कारण चवीविषयी जितके म्हणून नीतीचे प्रश्न विचारता येतील, ते सगळे या तिघांच्या पोटात आहेत असे मला दिवसेंदिवस वाटू लागले.

पहिला प्रश्न: गॅस असताना लाकूड का?

‘चव येते म्हणून’ हे याचे रोकडे उत्तर. ते कितपत खरे आहे? ज्या गावाने हा पदार्थ जगाला दिला त्या इटलीतील नेपल्समध्ये पिझ्झावाल्यांची एक संघटना 1984 मध्ये स्थापन झाली. खऱ्या नेपल्सच्या पिझ्झाचे नियम तिने घालून दिले आहेत. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांशिवाय कणकेत काही नको. गोळा हातानेच पसरायचा, लाटणे वर्ज्य. भट्टीतली उष्णता 430 ते 485 अंश सेल्सिअसच्या घरात, आणि भाजण्याचा वेळ 60 ते 90 सेकंद. खरी मेख या आकड्यांत आहे. घुमटाच्या तापलेल्या विटा वरून आच देतात, तळाचा दगड खालून देतो, आणि आत फिरणारी गरम हवा चहूकडून देते. ओलावा निघून जाण्याआधीच कडा फुगते. बाहेरून करपल्यासारखी, आतून मऊ राहते. घरातल्या साध्या ओव्हनला हे साधत नाही, कारण तो 250 अंशांच्या आसपास दम टाकतो. पण ही किमया उष्णतेची आहे. दीड मिनिटात धुराला कणकेत शिरायला सवड ती किती मिळणार! अलीकडे त्याच संघटनेने काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांनाही मान्यता दिली आहे, याचे कारण हेच.

तेव्हा लाकडाच्या भट्टीपुढे बसून आपण जे विकत घेतो त्यात थोडी आच असते आणि पुष्कळशी आठवण असते. ज्यांना स्वतःची आठवण नाही त्यांनाही ती उसनी मिळते. माझ्या मुलीने घरात चूल कधी पाहिली नाही, तरी ज्वाला पाहताच तिचा चेहरा उजळतो. माणूस हजारो पिढ्या विस्तवाभोवती बसला आहे. ते सारे अंगात कोठेतरी मुरलेले असणारच.

पण आठवण कोणाची, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या आठवणीतली चूल उबेची आहे. थंडीत पहाटे उठून मी गोधडीसकट चुलीपुढे येऊन बसे. बाजरीची भाकरी तव्यावरून उतरून आराला टेकली, की टम्म फुगे. पहिली भाकरी माझी. तिचा पापुद्रा उचलून आत तेल-चटणी घालायची, आणि बोटे भाजत खायची. आज जगातल्या कोणत्याही भट्टीतून फुगलेली कड बाहेर आली, की माझ्या बोटांना तोच चटका आठवतो.

आईच्या आठवणीतली चूल निराळी आहे. ती माझ्या अगोदर दीड तास उठलेली असे. पावसाळ्यात सरपण ओले, शेणी दमट. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे गाल दुखत. घर बुटके, धुराला जायला कौलांतल्या फटी तेवढ्या. तिचे डोळे सदा लाल असत. आम्हा मुलांना वाटे, आई रडते आहे. ती म्हणे, धूर गेला गं. कधी कधी ती खरेच रडतही असेल. चुलीने तिला तेवढी एक सोय करून दिली होती.

एकच चूल, एकच पहाट, दोघींमध्ये दीड हाताचे अंतर. पण जेवणारीची चूल वेगळी आणि रांधणारीची वेगळी. ‘जुने ते सोने’ म्हणताना आपण बहुधा जेवणाऱ्याच्या बाजूने बोलत असतो. हुरहूर लावणाऱ्या आठवणी पाटावर बसलेल्यांना येतात. परातीपुढे बसलेल्यांना त्या आठवणी पाठदुखीच्या रूपाने येतात. म्हणून आईने ‘लाकडं कशापायी?’ असे विचारले, त्यात भाबडेपणा मुळीच नव्हता. ज्या सक्तीतून ती 32 वर्षांनी सुटली, तिच्यात कोणी आपखुशीने कसे शिरेल, हे तिला खरोखरच उमगत नव्हते.

ही 32 वर्षे तिने स्वतः मोजलेली आहेत. गेली काही वर्षे तिला धाप लागते. चार पायऱ्या चढली की उभी राहते. तिने जन्मात विडी ओढली नाही. इथल्या डॉक्टरांनी तिला तपासताना विचारले, “आजी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?” आईने लग्नाचे साल धरून हिशेब सांगितला. डॉक्टरांनी तो कागदावर लिहून घेतला. आमच्या घराण्यात आईच्या स्वयंपाकाच्या वर्षांची नोंद लेखी अशी प्रथम झाली ती त्या कागदावर.

हा काही एका घरचा हिशेब नव्हे. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो, याचे मोजमाप केले. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी, असेच सारे समजत होते. स्वयंपाकघरातही धुराडे असते आणि त्याच्या तोंडाशी घरची बाई बसलेली असते, हे मोजून दाखवावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात 32 लाख माणसे अकाली गेली. आपल्याकडे 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे तीतून 10 कोटींहून अधिक घरांत गॅसची जोडणी पोहोचली. पुन्हा सिलिंडर भरून आणायला पैसे नसल्याने त्यांतल्या कित्येक घरांत चूल अजून पेटते. म्हणजे ज्या सायंकाळी शहरात कोणी हौसेने लाकडाची भट्टी शोधत असते, त्याच सायंकाळी दूर खेड्यात कोणी नाइलाजाने लाकूड शोधत असते.

मग आईचा दुसरा प्रश्न येतो: त्या पोराच्या डोळ्यांत धूर जात नाही का?

जेवण झाल्यावर आई सरळ भट्टीपाशी गेली आणि त्याच्याशी बोलू लागली. तो गढवालचा, आईला हिंदी येत नाही, त्याला मराठी बेताचे. तरी दोघांचे जमले. रात्री दीड-दोनशे पिझ्झे भाजावे लागतात, असे त्याने सांगितले. उन्हाळ्यात भट्टीपुढे उभे राहणे कठीण जाते, हेही सांगितले. आईने विचारले, “पगार मिळतो न्हवं?” तो हसून म्हणाला, “मिळतो, आजी.” “मग बेस हाय,” आई म्हणाली.

मी शेजारी उभी होते. त्या ‘बेस हाय’मध्ये त्याच्याविषयीचा संतोष होता, पण मला त्यात आणखीही काही ऐकू आले. पगार हा शब्द चुलीच्या संदर्भात तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असेल.

कष्टात अपमान नसतो, असे आपण मुलांना शिकवतो. ते अर्धे खरे आहे. तेच काम, तीच आच, तोच धूर. पण ज्याला ते सोडून जाण्याची मुभा आहे, ज्याला त्याचे दाम मिळते आणि ज्याचे कसब लोक ओळखतात, त्याच्या हातून ते काम कला होते. ज्याला यातले काहीच नाही, त्याच्या हातून तेच काम राबणूक होते. नेपल्सचीच गोष्ट पाहा. पिझ्झा हे तिथल्या दरिद्री वस्तीचे अन्न होते. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाने 1843 च्या आपल्या प्रवासवर्णनात तिथल्या कंगाल माणसाविषयी लिहिले आहे, की तो उन्हाळ्यात कलिंगडावर जगतो आणि हिवाळ्यात पिझ्झावर. 1884 मध्ये त्या शहरात पटकीची साथ आली. त्या वर्षी मातिल्दे सेराओ या लेखिकेने गरिबांच्या आळ्यांचे दर्शन घडवणारे पुस्तक लिहिले. त्यातही हा पिझ्झा आहे, पैशापैशाला तुकडा करून विकला जाणारा. 1889 मध्ये राणी मार्गेरिता हिच्यासाठी तीन रंगांचा पिझ्झा केला आणि तिचे नाव त्याला पडले, ही कथा सर्वत्र सांगतात. इतिहास शोधणाऱ्यांनी तिच्या पुराव्याविषयी शंका घेतली आहे. पण ती कथा लोकांना का हवीशी वाटते, हे कळण्यासारखे आहे. गरिबाच्या घासाला राणीचे ओठ लागल्याशिवाय प्रतिष्ठा येत नाही, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते.

खरी प्रतिष्ठा आली ती फार उशिरा, आणि ती राणीमुळे आली नाही. 2017 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जे नाव घातले, ते पिझ्झाचे नव्हते. नेपल्सच्या पिझ्झा करणाराच्या कलेचे होते. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. थाळीचे कौतुक करणे सोपे असते. हाताचे कौतुक करण्यासाठी मान वळवून भट्टीकडे पाहावे लागते.

येथे कोणी विचारील, की बाई, तुम्ही तर प्रत्येक घासाला साक्षीपुरावा मागू लागलात. मग माणसाने सुखाने जेवायचे कधी? आक्षेप रास्त आहे. रेशीम, साखर, चहा, यांतल्या प्रत्येकाच्या मागे कोणाचा तरी घाम आहे. दुसऱ्याच्या कष्टाची गोडी वाटणे हा दोष मानला, तर जगणेच अशक्य होईल.

मला याचे उत्तर आपल्या जात्यापाशी सापडते. जात्यावरच्या ओव्या मराठीचे धन आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव हिंडून, सहकाऱ्यांच्या मदतीने, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना वाटते, की साऱ्या महाराष्ट्रातल्या बाया एकच प्रचंड ग्रंथ रचीत होत्या आणि त्याचा पत्ता कोणाला नव्हता. ओवी सुंदर आहे. पण ती ऐकायला मिळावी म्हणून आपल्या सुनेने पहाटे चारला उठून पायली-पायली दळावे, असे आज कोणी म्हणेल काय? म्हणू नयेच. गावात पिठाची गिरणी आली हे चांगले झाले, आणि ओवी थांबली याचे वाईटही वाटते. दोन्ही भावना एकाच मनात सुखाने नांदू शकतात. ओवी जपावी, दळण जपू नये. चुलीचेही तसेच. भाकरी जपावी, भट्टीची विद्या जपावी. कोणाचे तरी डोळे लाल राहण्याची गरज जपू नये. जो हौसेने, दाम घेऊन, कसबाच्या अभिमानाने विस्तवापुढे उभा आहे, त्याच्या हातचे आनंदाने खावे आणि जाताना त्याला तसे सांगावे.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. धूर वर जातो. वर म्हणजे कुठे?

नेपल्सजवळ सान व्हितालियानो नावाचे लहानसे गाव आहे. 2015 च्या डिसेंबरात तेथील हवा इतकी बिघडली, की तिथल्या महापौरांनी धूर गाळणारे यंत्र नसलेल्या लाकडाच्या भट्ट्या पेटवण्यास मनाई केली, पिझ्झाच्या भट्ट्यांसकट. पिझ्झाच्या माहेरातच पिझ्झाच्या विस्तवाला बंदी! लोक चिडले, निषेध झाले. 2023 मध्ये न्यूयॉर्क शहरानेही लाकडाच्या व कोळशाच्या जुन्या भट्ट्यांनी धुरातले सूक्ष्म कण 75 टक्क्यांनी कमी करावेत असा नियम पुढे आणला, तेव्हा तेथेही तसाच गदारोळ उठला. आणि आपल्या मुंबईत, हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन चालवलेल्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी आदेश दिला, की लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी व तशा व्यवसायांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसरे स्वच्छ इंधन स्वीकारावे. मागोमाग महापालिकेच्या नोटिसा निघाल्या.

आईच्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले म्हणायचे. वर म्हणजे शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. जेथे कोणी म्हातारा खिडकीशी बसलेला असतो, ज्याने तो पिझ्झा कधी चाखलेला नाही आणि बहुधा चाखणारही नाही. खोलीत कोंडलेला धूर रांधणारीला एकटीला छळत होता. धुराडे बांधले की तो वाटला जातो; नाहीसा होत नाही. दिवाळीच्या फटाक्यांचेही असेच आहे. लावणाऱ्याची हौस क्षणात संपते, आणि शेजारच्या दमेकऱ्याची रात्र तेथून सुरू होते.

पण यातही एक पेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. एकच नियम पिझ्झाच्या भट्टीला लागू झाला आणि पावाच्या भट्टीलाही. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. गोव्यातला पोदेर आणि मुंबईतला बेकरीवाला यांनी लाकडाच्या भट्टीवर तो पिढ्यान्‌पिढ्या भाजला. मुंबईतला मजूर वडापाव खाऊन दुपार काढतो, तो या भट्टीच्या जिवावर. उपाहारगृहाचा मालक भट्टी बदलील आणि पिझ्झामागे थोडे रुपये वाढवील. आम्ही ते न कुरकुरता देऊ. बेकरीवाल्याने नवी भट्टी घेतली, तर तो भार दोन पावांवर कसा चढवायचा? चढवला, तर तो कोणाच्या खिशातून जाणार? धूर सर्वांच्या छातीला सारखाच वाईट आहे, हे मान्य. पण तो विझवण्याचा खर्च ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटला गेला पाहिजे, एवढे तरी न्यायाने म्हणता येईल. हौसेच्या धुराने आधी विझावे आणि पोटाच्या धुराला विझण्यासाठी हात द्यावा. शाळेत आम्ही मुलांना मदतीला लावतो तेव्हा जड बाक मोठ्या मुलांना उचलायला सांगतो. सगळ्यांना एकेक बाक दिला तर ती समता दिसायला छान दिसेल, पण पहिलीतले पोर त्याखाली चिरडेल.

या तिन्ही प्रश्नांची गोळाबेरीज करताना मला नेपल्सचीच एक जुनी रीत आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखीच्या दिवसांत त्या शहराच्या बोळांतून बाया घराच्या दारातच पिझ्झे तळून विकीत. गिऱ्हाइकाजवळ पैसे नसत. तेव्हा तो आज खाई आणि आठ दिवसांनी पैसे देई. या उधारीच्या पिझ्झाला तिकडे ‘आजचा, आठा दिवसांचा’ अशा अर्थाचे नावच पडले होते. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 1954 च्या ‘नेपल्सचे सोने’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात सोफिया लॉरेनने अशीच पिझ्झावाली रंगवली आहे.

मला वाटते, जगातली प्रत्येक चव अशी उधारीवरच मिळते. फरक एवढाच, की नेपल्सच्या गिऱ्हाइकाला आपण कोणाचे देणे लागतो हे ठाऊक होते. आठव्या दिवशी त्याला त्याच दारावरून जावे लागे. आपल्या चवींची उधारी लांबते, आणि मध्यंतरी धनकोचे नाव विसरले जाते. मी पहाटे खाल्लेल्या पहिल्या भाकरीचे बिल चाळीस वर्षांनी आईच्या छातीवर फाडले गेले. आज खाल्लेल्या घासाचे बिल उद्या कोणाच्या खिडकीत जाईल, कोणाच्या श्वासातून वसूल होईल, हे विचारणे म्हणजे जेवणात माती कालवणे नव्हे. ज्याने खाल्ले त्यानेच द्यावे, इतका तो साधा व्यवहार आहे. चव निर्दोष असते. तिची किंमत न चाखणाऱ्याकडून वसूल झाली, की ती सदोष होते.

आता दिवाळी आली आहे. घरोघर कढया चढल्या असतील. चकलीचे काटे मोडतात म्हणून कोणी हळहळत असेल, करंजीला मुरड घालता घालता कोणाचे मनगट भरून आले असेल. या फराळाच्या ताटाभोवती बसलेल्यांची संख्या कढईपुढे उभ्या असलेल्यांपेक्षा नेहमीच मोठी असते. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात, ती घालण्यापूर्वी जुन्या वहीतली येणी-देणी एकदा वाचून काढतात. व्यापाऱ्यांची ही रीत घरच्या माणसांनी उचलायला काय हरकत आहे? कोणाच्या हातचे किती खाल्ले, त्या हातांना कधी विसावा दिला, कढई उचलून स्वतःच्या हातात कधी घेतली, एवढे तीन रकाने पुरेत. बाकी निघालेली सगळी रक्कम एका पाडव्यात फिटणार नाही. पण देणे आपल्या नावावर आहे, हे स्वच्छ अक्षरांत पहिल्या पानावर लिहून ठेवले, तर नवी वही शुभ मुहूर्तावर उघडली असे म्हणता येईल.